साकवाची काटी

गुरवार, ९ आक्टोबर

राजेश्वरी,

चार दिस झाले, माजा डोळा लागला न्हाई. लागला की केरबा आबांचं बोलनं कानात येतं. त्यांचं घर आमच्या समोर, मधी फकस्त गाडीवाट. आबा ओट्यावर बसत्यात आन येनाऱ्या-जानाऱ्याला इचारत्यात, "काटी मी लावलीती ना रं? तू बगितलीतीस ना?" दूधवाल्याला इचारलं. शाळंच्या बाईला इचारलं. काल मला इचारलं. माजा हमदान कडंवर व्हता. मी म्हनलं, "मला न्हाई ठावं, आबा." आन आत येऊन दार लावून घेतलं.

म्हनून झोप न्हाई. तुला लागती का गं?

फोन सासूनं कपाटात घातलाय, चावी तिच्या कमरंला. तू आपले फोटो स्टेटसला टाकलेस ना, ते तिनं बगितले. नंतर तू पुसलेस, पन तवर बगून झालं व्हतं. म्हनून लिवते. आठवीतनं शाळा सुटल्यापास्नं मी येवढं कदी लिवलं न्हाई. चुका काढू नको, वर्गात बी तूच काढायचीस. अपेक्षा तुज्याच हाटेलात कामाला हाय, रोज सकाळी लोनावळ्याला येती, तिच्या हाती देते.

आबांची बायकू पडली, शालूमावशी. तू म्हनशील, ठावं हाय. तुला येवढंच ठावं हाय की एक म्हातारी पडली. कशी पडली ते ऐक.

ऐतवारी आपन तिसऱ्या साकवावरनं निगालो, त्याला तास बी झाला नसंल. मावशीचा गोठा वढ्याच्या पल्याड. पावसाळ्यात साकवाच्या मधल्या फळ्या काढून देवळात ठेवत्यात, न्हाईतर वढा घिऊन जातो. मंग मावशी चार महिने लांबच्या रस्त्यानं फिरून जाती. दसरा झाला की आबा फळ्या परत बसवत्यात, रोज चार-पाच. सगळ्या बसंस्तवर तोंडाशी बोरीची काटी आडवी. त्या दिशी आबा दुपारपतुर तितंच व्हते, खिळे सपले म्हनून कार्ल्याला गेले. मावशी सकाळपास्नं रानात. डोक्यावर गवताचा भारा घिऊन आली, काटी दिसली न्हाई. तिला वाटलं, धन्यानं काम उरकलं. गेली आत.

डोक्यावर भारा असला की मान खाली जात न्हाई, पाय दिसत न्हाईत. आन हितं कोन पायाकडं बगतच न्हाई. काटी हाय म्हंजी जायाचं न्हाई. काटी न्हाई म्हंजी फळ्या बसल्या. लहान पोराला बी ठावं. तुमचा पुन्याचा मानूस असता तर खाली बगून चालला असता, वाचला असता.

खाली पानी गुडघ्यायेवढं, बाकी दगुड. कंबर मोडली. डोकं फुटलं. तळेगावला दवाखान्यात हाय, अजून डोळा उगडला न्हाई.

काटी तू काढलीस. मी म्हनलं ऱ्हाऊ दे, तरी काढलीस. "शेळ्यांसाठी असेल गं," म्हनलीस, आन सायकल टेकवून दोन बोटांनी धरून वढलीस, वर फोटोसाठी हसलीस. आता हितं येऊन सांग की मी काढली. येवढं आबांना सांग. मला तुज्याकडनं दुसरं काय नको, कदी नको.

हुमेरा


ऐतवार, १२ आक्टोबर

राजेश्वरी,

तुजं उत्तर मिळालं. हाटेलच्या छापील कागदावर तीन वळी. "मला काय माहीत ती फांदी कशासाठी असते? तू तिथली आहेस. आणि सगळ्यात शेवटी कोण निघालं ते तुझं तू आठव."

लय सरळ अक्षर काढलंस. हात कापला न्हाई तुजा.

शेवटी कोन निगालं ते मला ठावं हाय. अपेक्षा निगाली. तिच्या चपलीचा अंगठा तुटलाता म्हनून ती मागं ऱ्हायली. जो शेवटी निगतो त्यानं काटी वढून घ्यायची, हे अपेक्षाला बी ठावं हाय, ती कार्ल्याची हाय. तिला इचार. हे पत्र भाताच्या शितानं चिकटवलंय, ती वाचंल म्हनून.

माज्या दारात तू आलीस, मी तुज्या दारात आले नव्हते. पाच वर्सात फोन न्हाई, लग्नाला आली न्हाईस, आन एकदम टेंपोत तीन सायकली टाकून उभी ऱ्हायलीस. "हुमे, तुमच्याकडचे ते छपराचे पूल दाखव. पाहुण्यांना फिरवायला नवीन रस्ता पायजे मला. सावकाश जाऊ, गप्पा मारत." म्हनं छपराचे पूल! साकव म्हनायला लाज वाटली तुला. तुजा बा सुदुंबऱ्याचा, तू बी तितलीच, माज्यासंगं सायकलवर शाळंत यायचीस. लोनावळ्याला ऱ्हायला गेली म्हनून काय पूल झाला का त्याचा?

आन मी यडी, आले. सासूला सांगितलं, हमदानला डोस पाजायला नेते. खोटं बोलले. त्याला ओढनीनं पोटाशी बांधला आन बसले सायकलवर. पयल्या साकवात शेळ्या बसल्या व्हत्या. तू आत जाऊन वरडलीस, वरचा पत्रा घुमला, शेळ्या पळाल्या, हमदान येवढा हसला की त्याला उचकी लागली. दुसऱ्या साकवात सावलीला बसून अपेक्षाची भेळ खाल्ली. भात पिकत आलाय, वास येत व्हता. कुनाला घाई नव्हती. तू म्हनलीस, "हुमे, तू अजून हात सोडून चालवतीस का?" मी म्हनलं, "पोटाला पोरगं बांधलंय, बाई." आन तरी एक हात सोडला. लगीन झाल्यापास्नं मी तशी हसले नव्हते. त्याचा मला आता लय राग येतो. तुजा बी येतो.

हितं काय चाललंय ते तुला कोन सांगंल? आबांचा पोरगा नथू, लय तापट. पयल्या दिशी गावभर फिरला, "ज्यानं काटी काढली त्याला त्याच वढ्यात टाकीन." मंग लोकं म्हनाय लागली, काढली कुनी नसंल, म्हातारा लावायलाच इसरला आसंल. तवापास्नं नथू बापावर उलटलाय. काल ओट्यावर उभा ऱ्हाऊन वरडत व्हता, "कार्ल्याला जायाची घाई! खिळे आनायला गेलतास का घोट मारायला?"

आबा म्हनले, "न्हाई रं बाबा, घोट न्हाई घेतला."

"मंग काटी कुटं गेली? चालत गेली?"

"लावली असंल मी. मला वाटतं लावली."

"वाटतं! आई मरायला टेकली आन ह्याला वाटतं!"

मी दाराच्या फटीतनं बगत व्हते. सासू माज्या मागं उभी. मेहमुदा तिचं नाव, हितं सगळी तिला चाची म्हनत्यात, नथू बी. तिनं माजा दंड धरला. म्हनली, "गप ऱ्हा. आपली हितं तीन घरं. तुला सैपाक येत न्हाई, पोर सांबाळता येत न्हाई, निदान गप तर ऱ्हाता येतं का?"

मी म्हनलं, "अम्मा, आबांनी काय केलं न्हाई."

"शालूबाईनं माजी चार बाळंतपनं केली. तुज्यापेक्षा मला जास्त लागतंय. गप."

रोज ती आबांना दोन भाकरी नेऊन देती. दोन भाकरी देती आन घरी येऊन मला दम देती. मानसाला दोन्ही कसं जमतं गं? तुला जमतं का? तुला म्हाईत आसंल.

ये आन सांग. पुढच्या ऐतवारी तुजे पाहुने येनार हायेत ना त्या रस्त्यानं? त्याच्या आदी ये.

हुमेरा


मंगळवार, १४ आक्टोबर

राजेश्वरी,

शीत सुटलं म्हनली अपेक्षा. सुटलं न्हाई, तिनं सोडवलं. बरं केलं. मी बी तेच केलं असतं.

काल सांजच्याला कामावरनं सुटून थेट हितं आली. सासू आबांकडं भाकरी द्यायला गेलती. उंबऱ्यात उभी ऱ्हायली आन फोन माज्या तोंडापुढं धरला. म्हनली, "ही कोन गं हुमेरा?"

तू तिला धाडलास तो फोटो. स्टेटसला टाकला न्हाईस तो. त्यात तू न्हाईस. अपेक्षा पुढं सायकलवर बसलेली, मागं वळून माज्याकडं बगती, म्हनून तिची निस्ती पाठ दिसती. साकवाच्या तोंडाशी मी उभी. पोटाला हमदान, हातात काटी.

"माजी चप्पल तुटलीती व्हय?" म्हनली. "माज्या पायात बूट व्हते, बाई. हाटेलनं दिलेले. तुला खोटं बी धड बोलता येत न्हाई." आन रडाय लागली. तिला बी भ्या वाटतंय. ती गेली, पानी बी प्याली न्हाई.

मंग आता ऐक. तुलाच लिवते कारन तू तितं व्हतीस, दुसऱ्या कुनाला सांगून कळायचं न्हाई.

शेवटी मी व्हते. मला ठावं व्हतं काटी कशाला असती. मधल्या सात फळ्या नव्हत्या ते मीच तुमाला दाखवलं, मीच म्हनलं म्होरं जाऊ नका. आपन निगालो, मी मागं ऱ्हायले ते काटी लावायलाच. धरली बी. बोरीची काटी, हमदानच्या पायाला लागू नये म्हनून लांबनं धरून वढत व्हते. अर्दी वढली. आन तू म्होरनं वरडलीस, "ए काटीवाली! सोड ते, चल! शेवटी खेड्यातली ती खेड्यातलीच!" आन फोटो काढलास. आन दोघी हसलात.

मी सोडली.

तुज्या हसन्यावर काटी सोडली मी. हात रिकामा नव्हता असं न्हाई. पोर रडत व्हतं असं न्हाई. चार पावलं वढली असती की झालं असतं. मला तुज्यासारखं दिसायचं व्हतं. म्हनलं, कोन येतंय आता, आबा येतीलच माघारी, लावतील. हात झटकला, सायकलवर बसले आन तुज्या बरुबर हसले बी.

हे मी आदीच्या दोन पत्रांत लिवलं न्हाई. लिवनार बी नव्हते. फोटो नसता तर कदीच लिवलं नसतं, ते बी खरं.

आज सकाळी शालूमावशीनं डोळे उगडले. नथूची बायकू दवाखान्यातनं आली, तिनं सांगितलं. आबा उशाशी बसले व्हते. मावशीनं त्यांना बगितलं आन पयला शबूद बोलली तो, "काटी न्हवती वो." येवढंच. परत झोपली. आमच्या घरात सगळी म्हनाली, बरं झालं, बोलली. पन नथू तितंच उटला आन बापाला म्हनला, "ऐकलंस? तुजीच बायकू सांगती."

आबा घरी आले. ओट्यावर बसले. मी भांडी घासत व्हते, वाट बगत व्हते, आता इचारतील, मंग इचारतील. दूधवाला गेला, इचारलं न्हाई. शाळंची बाई गेली. मी म्होरनं गेले, मुद्दाम गेले. इचारलं न्हाई. त्यांनी इचारायचं सोडलं, राजेश्वरी. त्यांना आता वाटतंय की ते खरंच इसरले.

नथू रागावून वरडत व्हता तवा बी मला इतकं भ्या वाटलं नव्हतं.

सासूला मी दुपारी म्हनलं, मी सांगते आबांना. तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. "सांग. खुशाल सांग. आन मंग तितनंच सुदुंबऱ्याला जा. हमदान हितं ऱ्हाईल. आरिफला मी सांगितलंय." मी ह्यांच्याकडं बगितलं. हे टेंपोवरनं नुकतेच आलते, जेवत व्हते. ताटाकडं बगत म्हनले, "अम्मा म्हनती ते बरुबर हाय. कशाला इस्तवात हात घालतीस?" हमदान त्यांच्या मांडीवर बसून त्यांच्याच ताटातला भात खात व्हता. सव्वादोन वर्साचा हाय. रातच्याला माजा कान धरल्याबिगर झोपत न्हाई.

आता मी तुला भांडायला लिवत न्हाई. म्हंजी भांडते बी, पन मागते. तू येवढं सांग की काटी काढली तू. लावली न्हाई ते मी सांगते. दोघींनी सांगितलं तर गाव एकटीवर तुटून पडनार न्हाई. लोनावळ्यातली बाई, हाटेलातली, तुला कोन हात लावंल? मला लावतील. तू फकस्त बाजूला उभी ऱ्हा. बोलू बी नको. उभी ऱ्हा.

हुमेरा


सुक्रवार, १७ आक्टोबर

आज वर कुनाचं नाव घालू ते कळंना.

राजेश्वरीनं माजं पत्र अपेक्षाच्या हातात तसंच परत दिलं. तोंडी निरोप धाडला. "तिला सांग, माजं नाव घेतलंस तर तो फोटो तुमच्या गावाच्या ग्रुपवर टाकीन." ऐतवारचे पाहुने तिनं दुसऱ्या रस्त्यानं न्यायचं ठरवलंय म्हनं. अपेक्षा म्हनली, "मी आता न्हेनार न्हाई बाई तुमची पत्रं. मला बी घर हाय."

घाबरू नको राजेश्वरी, तुजं नाव मी घेनार न्हाई. तुला ते कळायचं बी न्हाई, कारन हे तुज्याकडं येनार न्हाई.

आता हे जे कोन वाचतंय त्याला सांगते. मी हुमेरा आरिफ, खालच्या वाडीतली. आज दुपारी देवळापुढं गाव बसलंय. माज्या दारातनं दिसतंय. फळ्यांचं काम आबांकडनं काढायचं हाय. त्यांच्या बापाकडं व्हतं ते, त्याच्या आदी आज्याकडं. कोनती फळी कितवी ते आबा अंधारात हात लावून सांगत्यात. मगाशी ते उटले. टोपी काढली. मला हितपतुर ऐकू आलं. म्हनले, "व्हय. मीच इसरलो. माज्या हातनं झालं."

नथू तोंड फिरवून बसला. मंग म्हनला, "आई घरी आली की तू त्या घरात ऱ्हायाचं न्हाईस. गोठ्यात ऱ्हा." आन आबा म्हनले, "बरं."

बरं म्हनले. येवढंच. जसं कुनी पानी मागितलं आन बरं म्हनावं.

मी घरात आले आन हे लिवाय बसले. घाईत लिवतेय म्हनून अक्षर असं. सासू देवळापुढं बायकांत बसलीय, आमचे हे टेंपोवर गेलेत. घरात मी आन हमदान. त्याला कपडे घातले. हितं ठेवून गेले तर माघारी यायच्या आत दार लागंल, ते मला ठावं हाय. म्हनून कडंवर घिऊन चालले.

मी तितं जाऊन म्हननार हाय, काटी आबांनी लावलीती. आमी काढली, आन शेवटी मी व्हते, मी लावली न्हाई. फोटो हाय म्हनून सांगते असं न्हाई, तो गावात कुनी अजून बगितला न्हाई. ज्यांना बगायचा ते बगू देत. मी काय म्हनायचं ते चारदा मनात म्हनून बगितलंय. चारी टायमाला शेवट इसरते. इसरले तर इसरले.

भ्या वाटतंय. खोटं कशाला बोलू. नथूचं वाटतं. आमची हितं तीनच घरं हायेत, त्यांच्यासाठी वाटतं. सासूचं सगळ्यात जास्त वाटतं, कारन नथू मारंल आन सोडंल, ती पोरगं घेईल आन सोडनार न्हाई. तितं कालवा झाला तर कुनीतरी बाई हमदानला माज्या कडंवरनं घेईल. मानूस असंच करतो, पोराला आदी बाजूला घेतो. ज्या कुनी घेतलं त्या बाईला हे सांगते.

हे मी त्याच्या पिशवीत ठेवते, कपड्यांच्या वर. खाली दोन चड्ड्या हायेत, एक सदरा, खोकल्याचं औषध. औषध अर्दा चमचा, जास्त न्हाई. तो रडंल. अनोळखी बाईजवळ तो लय रडतो. त्याला तुमचा कान धरू द्या, उगी व्हतो.

त्याला आमच्या घरात देऊ नका. माजी सासू वाईट न्हाई, पन आज देऊ नका.

माज्या भावाचं नाव युनूस. सोमाटण्याला फाट्यावर वेल्डिंगच्या दुकानात कामाला हाय. त्याचा नंबर ह्या कागदाच्या मागं लिवलाय, दोनदा लिवलाय, एकदा बारीक आन एकदा मोठा. माज्याकडं फोन न्हाई. काम चालू असलं की त्याला रिंग ऐकू येत न्हाई, म्हनून एकदा लावून ठेवू नका. परत लावा. उचलंस्तवर लावा. त्याला म्हना, हुमेरानं सांगितलंय, कुनाशी भांडू नको, हत्यार आनू नको, गाडी घिऊन ये, तुजा भाचा हितं हाय. तुमी जे कोन असाल, आदी त्याला फोन करा.